टोपी की धूळ

फहाहीलमध्ये शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
मोंजिया बाई फ्रेंच शिकवतात, दर सोमवारी.
आम्ही पाच जण. केरळच्या दोन नर्सेस,
एक फिलिपिनो वेल्डर,
एक इजिप्शियन हिशेबनीस जो फी भरतो आणि येत नाही,
आणि मी, सत्तावन्न वर्षांचा,
रिफायनरीतले प्रेशर गेज तपासणारा,
लेकीनं माँट्रियलहून अर्ज भरलाय म्हणून.

त्या सोमवारी वाळूचं वादळ होतं.
खिडकीच्या फटींना ओले टॉवेल खोचले होते
तरी वहीवर पिवळट पूड.
बाकी कोणी आलंच नाही.
बाई म्हणाल्या, परीक्षेतलं काही नको आज,
तुला एक मेलेलं रूप दाखवते.

कृती सोपी.
पुस्तकातला भूतकाळ घ्यायचा, त्यातला 'तू'.
तू बोललास : तू पार्ला.
लिहिताना शेवटी एक स असतो, मुका.
त्याच्यापुढे आणखी एक स ठेवला, एक ए ठेवला,
की मुक्याला वाचा फुटते : पार्लास.
मी बोलावं (असं कोणाला तरी वाटत होतं).
तसंच संपवण्याचं फिनिस, विकण्याचं व्हाँदिस.
आम्ही बोलावं, पार्लासिओं.
मला हसू आलं.
हस, त्या म्हणाल्या, तिकडेही हसतात,
हसून हसूनच मारलं याला.

मी म्हटलं, बाई, आमच्याकडे असं नाही.
त्यानं बोलावं असं वाटतं,
त्यानं बोलावं असं वाटत होतं.
वाटणं मागे गेलं तरी 'बोलावं' जागचं हलत नाही,
तीस वर्षांनीही ताजं.
बाई चहा ढवळत राहिल्या.
मग म्हणाल्या, तुमची माणसं दमत नाहीत का?

आणि 'तो'?
'तो' वेगळा, त्या म्हणाल्या.
त्याच्यापाशी पूर्वी एक स होता, तो गळून गेला.
गेलेल्याची आठवण म्हणून आ च्या डोक्यावर
ही एवढीशी टोपी. शेवटी एक त, तोही मुका.
तो बोलला : पार्ला.
तो बोलावा होता : पार्ला.
कानाला दोन्ही एकच.
फरक फक्त कागदावर.

देवरुखचा एसटी स्टँड, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
आप्पा खिडकीखाली उभे, हातात माझ्या पासपोर्टची झेरॉक्स,
जपून ठेवतो म्हणाले होते, कशाला ते त्यांनाच ठाऊक.
त्यांनी थांब म्हणावं असं मला वाटत होतं.
म्हटलं असतं तर थांबलो असतो असं नाही,
चाळीस हजार भरले होते एजंटला.
पण म्हणावं.
ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, काच थरथरायला लागली,
आणि आप्पांचे ओठ हलले.
एकदाच.

पुढे फोनवर पाऊसपाणी, मनीऑर्डर, दाढदुखी.
विचारीन विचारीन म्हणता
दोन हजार नऊ साल आलं,
मला रजा मिळाली ती तेराव्याची.

बाई म्हणाल्या, एक वाक्य कर.
मी लिहिलं : मला वाटत होतं की माझे वडील
आणि पुढे ते क्रियापद, पी ए आर एल ए टी.
पेन तिथंच टेकवून बसलो.
खाली शिंप्याचं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं.

त्यांनी वही ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला.
आ च्या डोक्यावर काहीतरी होतं, बारीक, तिरकं.
ही टोपी आहे, त्यांनी विचारलं, की धूळ?
फुंकर मारायला त्या वाकल्या

मी वहीवर हात ठेवला.
असू दे, म्हटलं.